एका नकाशाचे वाचन

काही ग्रंथ असे असतात की, त्यांची कीर्ती सर्वांच्या कानी असते, परंतु ते प्रत्यक्ष वाचलेला मनुष्य शंभरांत एखादाच आढळतो. पटकी हा रोग कोणत्या मार्गाने पसरतो, या विषयावर डॉ. जॉन स्नो या इंग्रज वैद्याने लिहिलेला ग्रंथ याच जातीचा होय. १८४९ साली तो प्रथम निघाला तेव्हा ती अवघी एकतीस पानांची पुस्तिका होती. १८५५ साली निघालेली दुसरी आवृत्ती मात्र दीडशेहून अधिक पानांची असून तीत लंडन शहराचे दोन नकाशे जोडलेले आहेत. त्यांपैकी पहिला नकाशा आज जगभर प्रसिद्ध आहे. रोगांच्या भूगोलाविषयीचे पुस्तक उघडावे आणि त्यात तो नकाशा नसावा, असे क्वचितच घडते.

त्या नकाशाबरोबर एक कथाही सांगितली जाते. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट नामक रस्त्याच्या आसपास पटकीने हाहाकार उडविला, डॉ. स्नो यांनी मेलेल्यांची घरे नकाशावर ठिपक्यांनी दाखविली. ते सारे ठिपके पाण्याच्या एका सार्वजनिक पंपाभोवती गोळा झालेले दिसले. डॉक्टरांनी त्या पंपाचा दांडा काढविला आणि साथ थांबली. कथा सुटसुटीत आहे, आणि म्हणूनच ती सर्वत्र पसरली. परंतु मूळ ग्रंथ समोर ठेवून पाहिले तर तीत तीन दोष आढळतात. पहिला किरकोळ : नकाशावर ठिपके नाहीत, प्रत्येक मृत्यूस एक याप्रमाणे जाड काळ्या रेघा घरांपुढे एकावर एक रचलेल्या आहेत. दुसरा महत्त्वाचा : पंपाचा दांडा ८ सप्टेंबर १८५४ रोजी निघाला, नकाशा विद्वानांच्या सभेपुढे आला तो त्यानंतर डिसेंबरात, आणि छापला गेला त्याहूनही नंतर. म्हणजे नकाशाने शोध लावला नाही. लागलेला शोध इतरांस पटवून देण्यासाठी तो काढला गेला. तिसरा दोष असा की, दांडा निघण्यापूर्वीच साथ ओसरू लागली होती आणि लोक घरे सोडून पळाले हे त्याचे एक कारण होते, असे ग्रंथकर्त्याने स्वतःच नमूद केले आहे. हे तीनही दोष ग्रंथकर्त्याचे नव्हेत. ते त्याच्या भक्तांनी पदरचे घातलेले आहेत.

लंडनच्या एका जुन्या साथीची ही चिकित्सा आमच्या वाचकांपुढे कशासाठी, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर आम्ही पुढे देऊच. तूर्त एवढेच सांगतो की, रोगाचा नकाशा काढणे ही एक विद्या आहे आणि तो वाचणे ही दुसरी. या दुसऱ्या विद्येत चूक झाली म्हणजे काय घडते, त्याचा अनुभव आमच्या यात्रांनी, तीर्थांनी आणि देवालयांनी घेतलेला आहे.

आता प्रथम ग्रंथ पाहू. डॉ. स्नो यांचा जन्म १८१३ साली यॉर्क येथे एका मजुराच्या घरी झाला. शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्यास भूल देण्याच्या शास्त्रात त्यांनी नाव मिळविले होते. १८५३ साली खुद्द व्हिक्टोरिया राणीस प्रसूतीच्या वेळी त्यांनीच क्लोरोफॉर्म दिले. वायू श्वासावाटे शरीरात शिरून काय करतो, हे ज्याने आयुष्यभर तपासले, त्यालाच सर्वप्रथम शंका आली की, पटकी हवेतून येत नसावी. त्या काळचे बहुतेक वैद्य आणि अधिकारी घाणीच्या दुर्गंधीने, दूषित हवेने रोग होतो असे मानीत. डॉ. स्नो यांचे म्हणणे साधे होते. हा रोग आतड्यांचा आहे. तेव्हा त्याचे विष तोंडावाटे पोटात जात असले पाहिजे. रोग्याच्या मळातून ते बाहेर पडत असले पाहिजे. आणि दोहोंच्या मधला दुवा पिण्याचे पाणी हा असला पाहिजे. हा विचार १८४९ च्या पुस्तिकेतच आलेला आहे. ब्रॉड स्ट्रीटची साथ त्यानंतर पाच वर्षांनी आली. मनात प्रश्न अगोदर तयार होता, म्हणून नकाशाला बोलते करता आले, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री साथीने उग्र रूप धरले. ब्रॉड स्ट्रीट आणि केंब्रिज स्ट्रीट जेथे मिळतात त्या ठिकाणापासून अडीचशे यार्डांच्या आत दहा दिवसांत पाचशेहून अधिक मृत्यू झाले. इतक्या लहान जागेत इतका मोठा संहार त्या देशात पूर्वी झाला नसेल, असा अभिप्राय ग्रंथकर्त्याने दिला आहे. नकाशावर त्या काळ्या रेघा पाहिल्या म्हणजे आजही मन सुन्न होते. परंतु आमच्या मते या प्रकरणाचे खरे सामर्थ्य, जेथे रेघा दाट आहेत तेथे नसून, जेथे त्या असावयास हव्या होत्या आणि नाहीत, आणि जेथे नसावयास हव्या होत्या आणि आहेत, तेथे आहे.

पोलंड स्ट्रीटवर निराश्रितांचे एक आश्रयगृह होते. तीन बाजूंनी मृत्यूने वेढलेल्या त्या गृहात ५३५ माणसे राहत होती. त्यांपैकी पटकीने मेली फक्त पाच. आसपासच्या रस्त्यांच्या प्रमाणात मृत्यू झाले असते तर शंभरांहून अधिक माणसे गेली असती, असा हिशेब ग्रंथात दिला आहे. हवा दूषित असती तर ती या गृहाच्या भिंतीपाशी कशी थांबली असती? कारण चौकशीत कळले : त्या आवारात स्वतंत्र विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच बिअर गाळण्याचा एक कारखाना होता. तेथील सत्तरांहून अधिक कामगारांपैकी एकही दगावला नाही. त्यांना पिण्यास बिअर मिळत असे आणि कारखान्याची विहीरही निराळी होती. त्याच रस्त्यावरील दुसऱ्या एका कारखान्यात मात्र कामगारांसाठी पंपाचे पाणी पिंपांत भरून ठेवीत. तेथले अठरा जण गेले.

आणि आता उलट बाजू. कित्येक मैल दूर, हॅम्पस्टेड या निरोगी वस्तीत एक वृद्ध विधवा पटकीने वारली. तिच्या आसपास कोणासही रोग नव्हता. ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटजवळ राहत असे, आणि तेथील पंपाच्या पाण्याची चव तिला इतकी आवडे की, घर सोडून गेल्यावरही ती त्या पाण्याची बाटली गाडीतून आणवीत असे. ते पाणी तिच्याकडे पाहुणी आलेली तिची भाची प्याली. भाची आपल्या गावी परतली आणि तीही पटकीने गेली. ज्यांच्या घरात गंगेचा गडू देव्हाऱ्यात ठेवलेला असतो, त्यांना हा प्रसंग विशेष लागेल. त्या वृद्धेचे पाण्यावरचे प्रेम खोटे नव्हते. तिच्या प्रेमात दोष नव्हता. दोष विहिरीत होता.

तो दोष नेमका कोठून आला, हे डॉ. स्नो यांच्या ग्रंथात नाही. ते शोधण्याचे श्रेय हेन्री व्हाइटहेड या तरुण धर्मोपदेशकास आहे. तो तेथील चर्चमध्ये काम करी. पंपाविषयीचे म्हणणे त्याला प्रथम मुळीच पटले नव्हते. ते खोटे ठरविण्याच्या हेतूनेच तो घरोघर फिरला. पण वस्तीतली माणसे त्याच्या ओळखीची होती, तो त्यांच्या उशाशी बसलेला होता, आणि त्याने ऐकलेली प्रत्येक हकीकत त्याला पंपाकडेच घेऊन गेली. पंपाला लागूनच असलेल्या घरातील एका तान्ह्या मुलास साथीच्या आरंभी जुलाब झाले होते. त्याच्या आईने लंगोट धुतलेले पाणी घराच्या शौचकूपात ओतले होते. आणि खणून पाहता त्या शौचकूपाची भिंत विहिरीपासून तीन फुटांहूनही कमी अंतरावर, तीही झिरपणारी, अशी आढळली. आपले मत चुकीचे होते हे व्हाइटहेडने उघडपणे मान्य केले. देवाच्या सेवेत असलेल्या माणसाने शास्त्राला केलेले हे साहाय्य आम्हांस त्या नकाशाइतकेच मोलाचे वाटते.

आता याच साथीचे इतरांनी काढलेले नकाशे पाहावेत. लंडनच्या गटार खात्याच्या एका अभियंत्याने, एडमंड कूपरने, डॉ. स्नो यांच्या आधीच त्या वस्तीचा नकाशा काढला होता. त्यातही मृत्यूची घरे दाखविलेली होती. पण त्याला विचारलेला प्रश्न निराळा होता : खात्याची गटारे, किंवा १६६५ च्या प्लेगात प्रेते पुरलेली जुनी जागा, या संहारास कारण झाली काय? नाही, असे त्याने उत्तर दिले आणि नकाशाचे काम तेथे संपले. तेच मृत्यू, तेच रस्ते. परंतु पाण्याविषयी प्रश्नच नसल्यामुळे पाण्याविषयी उत्तरही मिळाले नाही. विल्यम फार या थोर संख्याशास्त्रज्ञाने १८५२ च्या अहवालात असे दाखविले होते की, लंडनमध्ये जमीन जितकी सखल तितकी पटकीची मृत्युसंख्या अधिक. आकडे खरे होते. त्यांवरून त्याने अनुमान काढले की, सखल भागातील दूषित हवा रोगाचे कारण होय. वस्तुतः सखल भागातील अनेक वस्त्यांना पाणी मिळे ते टेम्स नदीच्या घाणेरड्या पात्रातून. भूगोल अचूक, कारण चुकीचे! पुढे १८६६ च्या साथीत फार यांनी पाण्याचाच माग काढला, हे त्यांच्या थोरपणास साजेसे झाले. परंतु ते पाहण्यास डॉ. स्नो हयात नव्हते. ते १८५८ सालीच वारले होते.

ग्रंथाचा दुसरा नकाशा फारसा कोणी पाहत नाही. आमच्या मते मात्र ग्रंथाचा गाभा तेथे आहे. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्या पाणी पुरवीत. लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली आपले पाणी घेण्याचे ठिकाण नदीच्या वरच्या, शहराच्या घाणीपासून दूर असलेल्या भागी नेले होते. सदर्क अँड वॉक्सहॉल कंपनी मात्र शहराच्या मैल्याने भरलेल्या पात्रातूनच पाणी घेत राहिली. नकाशावर एकीचा प्रदेश एका रंगात, दुसरीचा दुसऱ्या रंगात दाखविला आहे, आणि जेथे दोहोंचे नळ एकाच रस्त्यातून, शेजारशेजारच्या घरांत गेले आहेत, तेथे दोन्ही रंग एकमेकांत मिसळलेले आहेत. त्या मिश्र रंगापाशी नकाशा मुका होतो. कोणत्या घरात कोणते पाणी, हे तो सांगू शकत नाही. तेथे ग्रंथकर्ता एका सहकाऱ्यास घेऊन पायी निघाला. ज्या ज्या घरी मृत्यू झाला होता तेथे जाऊन पाणी कोणत्या कंपनीचे हे त्याने विचारले. घरच्यांस ठाऊक नसेल तेथे पाण्यातील मिठाचे प्रमाण तपासून ते ठरविले, कारण खालच्या पात्रातील पाण्यात मीठ कितीतरी अधिक होते. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा निघाला : सदर्क कंपनीच्या घरांत दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू, लॅम्बेथ कंपनीच्या घरांत ३७, आणि उरलेल्या लंडनमध्ये ५९. हवा एक, रस्ता एक, श्रीमंती-गरिबी सारखी. फरक फक्त पाण्यात. एवढा स्वच्छ पुरावा वैद्यकाच्या ग्रंथांत क्वचितच सापडतो.

गुणांची ही चर्चा झाल्यावर दोषही सांगितले पाहिजेत. पहिला दोष असा की, प्रसिद्ध नकाशावर मेलेल्यांच्या रेघा आहेत, जगलेल्यांच्या नाहीत. एखाद्या घरापुढे चार रेघा दिसतात. पण त्या घरात पाच माणसे राहत होती की पन्नास, हे नकाशा पाहणाऱ्यास कळत नाही. दाट वस्तीत रेघा दाट दिसणारच. जगलेल्यांचा हिशेब ग्रंथकर्त्याने आश्रयगृहाच्या आणि कारखान्याच्या हकीकतींत दिला आहे. म्हणून नकाशा ग्रंथापासून फाडून घेतला की अर्धा होतो. पुढे १८५५ सालीच स्थानिक चौकशी समितीच्या अहवालात त्याने नकाशावर आणखी एक रेषा काढली. ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि आसपासचे इतर पंप यांच्यापासून चालत जाण्याचे अंतर जेथे सारखे पडते, ती ही रेषा होय. पक्ष्याच्या उड्डाणाचे अंतर पाण्याच्या कामी येत नाही. भांडे घेऊन चालणाऱ्या बाईचे अंतर कामी येते, हे या वैद्याच्या ध्यानात आले. ती सुधारणा ग्रंथातील नकाशात असती तर बरे झाले असते.

दुसरा दोष आम्हां गोवेकरांस विशेष खटकणारा आहे. ग्रंथाच्या आरंभी पटकीचा इतिहास देताना हा रोग १७६९ च्या मागे स्पष्टपणे नेता येत नाही, असे विधान ग्रंथकर्त्याने केले आहे. तत्पूर्वी हिंदुस्थानाचा बहुतेक भाग युरोपीय वैद्यांस अज्ञात होता, असे कारणही त्याने दिले आहे. वस्तुतः त्या सालाच्या दोनशे सहा वर्षे अगोदर, म्हणजे १५६३ साली, खुद्द गोव्यात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधींविषयीचा संवादग्रंथ छापला गेला होता, आणि त्यात या रोगाचे प्रत्यक्ष रोग्यासह वर्णन आहे. येथील लोक या रोगास काय म्हणतात तेही त्याने दिले आहे, आणि पोर्तुगीज लोक त्या शब्दाचा अपभ्रंश करतात हेही त्याने कबूल केले आहे. तो शब्द म्हणजे आपल्या आजीबाईंच्या तोंडचा ‘मोडशी’. त्याचेच पोर्तुगिजांनी ‘मोर्देशी’ केले, आणि फ्रेंचांनी तर त्याचा ‘कुत्र्याचे मरण’ असा भलताच अर्थ लावला. १५६७ सालीच ऑर्ताचा ग्रंथ लॅटिनमध्ये उतरला होता. तेव्हा तो युरोपात मिळत नव्हता असे नाही. शास्त्रज्ञाच्या नकाशावर जो प्रदेश कोरा असतो तो पुष्कळदा खरोखर कोरा नसतो. तेथल्या माणसांना कोणी विचारलेले नसते, एवढेच.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर. पटकीचा नकाशा पुढे आमच्या देशाचाही झाला. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने, यात्रा हे पटकी वाढविणारे आणि पसरविणारे सर्वांत प्रबळ कारण होय, असा ठपका ठेवला. दुसऱ्याच वर्षी हरिद्वारच्या कुंभमेळ्यात रोग उद्भवला, आणि परतणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटांवर तो उत्तर हिंदुस्थानभर पसरला. १८७२ साली विल्यम हंटर यांनी ओरिसावरील आपल्या ग्रंथात जगन्नाथाच्या गरीब यात्रेकरूंचे चित्र रेखाटले ते युरोप-अमेरिकेच्या नगरांस असलेला धोका म्हणून. याच सुमारास जेम्स ब्रायडन या सरकारी वैद्याने वर्षानुवर्षांचे आकडे भूगोलावर मांडून १८६९ साली निष्कर्ष काढला की, पटकी मोसमी वाऱ्याबरोबर प्रवास करते.

या सर्वांत खरे किती? यात्रेकरूंबरोबर रोग गेला, हे खरे आहे, आणि आमच्यापैकी जे अभिमानाने ते नाकारतात ते यात्रेकरूंचेच अहित करतात. परंतु नकाशावर रोगाची वाट आणि यात्रेची वाट एकच दिसली, यावरून काय समजावयाचे? हंटर यांच्या वाचकांनी समजून घेतले की, ही माणसेच घाण आणि त्यांची श्रद्धा हीच रोगाची जननी. ब्रायडन यांनी समजून घेतले की, वाराच दोषी, तेव्हा माणसाच्या हाती काही नाही. एका वाचनाने माणसाला गुन्हेगार ठरविले, दुसऱ्याने राज्यकर्त्यास निर्दोष. दोन्ही वाचनांतून निसटले ते वाटेवरचे पाणी : धर्मशाळेची विहीर, नदीचा घाट, गावाबाहेरचे तळे. लंडनमध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या रहिवाशांस कोणी दोष दिला नाही. पंपाचा दांडा काढला. आमच्या यात्रांच्या बाबतीत पंपाऐवजी पांथस्थावर बोट ठेवले गेले. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांस कलकत्त्याच्या परिसरातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू आढळले. त्या तळ्यात तेथल्या पहिल्या रोग्याचे कपडे धुतले गेले होते, आणि तेच पाणी काठचे लोक पीत. ब्रॉड स्ट्रीटच्या घरातील लंगोट आणि बंगालच्या तळ्यातील कपडे! दोन भूखंड, दोन धर्म, परंतु घटना एकच.

हे सर्व जुने झाले असे कोणी समजू नये. २०२० साली करोनाच्या साथीत सरकारने जिल्ह्यांना तांबडा, नारिंगी आणि हिरवा असे रंग दिले. व्यवस्थेसाठी ते आवश्यक होते. परंतु तांबड्या भागातून आलेल्या माणसाकडे शेजारी कसे पाहत होते, हे आम्ही सर्वांनी पाहिले आहे, आणि काहींनी तसे पाहण्यात भागही घेतला आहे. रंग जागेला दिला होता. आपण तो माणसाला लावला.

आज आमच्या सीमेवर एक नकाशा उलगडत आहे आणि त्याचे वाचन नीट व्हावयास हवे. १९५७ साली म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसांस ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्राने त्या रोगाचा विषाणू ओळखला. रानातील गोचीड तो पसरवितो. लोक त्याला माकडताप म्हणतात. कित्येक वर्षे तो त्या परिसरापुरता होता. २०१५ साली तो गोव्यात सत्तरी तालुक्यातील पाली गावी आढळला आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात. सत्तरीला लागून एकीकडे दोडामार्ग आहे आणि दुसरीकडे बेळगावचा खानापूर तालुका. आमच्या भिंतीवरच्या नकाशात या तिघांमध्ये राज्यांच्या जाड रेघा आहेत. सह्याद्रीच्या रानात त्या नाहीत. काजूच्या हंगामात बागांत राबणारा मजूर, त्याच बागेत येणारे माकड आणि त्याच्या अंगावरचा गोचीड, या तिघांचा एकच मुलूख आहे. तीन सरकारांनी तीन नकाशे काढले तर प्रत्येकात चित्राचा एकेक तुकडाच दिसणार.

या नकाशावरची सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे मेलेले माकड. माकड मेले की त्याच्या अंगावरचे गोचीड खाली उतरतात आणि ती जागा काही काळ धोक्याची होते. आमच्या समाजात माकडास मारुतीचे रूप मानतात. मेलेल्या माकडाला कित्येक गावी हार घालून, खांद्यावर घेऊन मूठमाती देतात. ही भावना आम्हांस वंद्य आहे. परंतु अशा वेळी त्यास हात न लावता आरोग्य खात्यास किंवा वन खात्यास कळविणे, म्हणजे नकाशावर ती खूण वेळेवर उमटू देणे, हीच त्या जीवाची आणि त्या बागेतील मजुराची खरी सेवा होय. हार दुरूनही वाहता येतो.

शेवटी आमच्या देवस्थानांच्या महाजनांस आणि समित्यांस एक विनंती. देवालयाच्या कार्यालयात जमीनजुमल्याचे, दागदागिन्यांचे, उत्सवांच्या मानकऱ्यांचे दप्तर असते. त्यात एका कागदाची भर घालावी. त्यावर देवालयाचे आवार असावे. विहीर कोठे, तळी कोठे, झर कोठून येते, महाप्रसादाचे पाणी कोठून भरतात, अग्रशाळेचे संडास कोठे, त्यांचा खड्डा विहिरीपासून किती फुटांवर, पावसाळ्यात पाणी कोणत्या उताराने वाहते, जत्रेत तात्पुरती सोय कोठे करतात, हे सर्व त्यावर मोजून लिहिलेले असावे. विहीर आणि खड्डा यांच्यामध्ये केवळ पायांनी मोजता येईल इतके अंतर आढळले तर पुढची जत्रा येण्यापूर्वी त्याची व्यवस्था करावी, आणि पाण्याची तपासणी करून घ्यावी. हे काम मोठ्या खर्चाचे नाही. ते एका दिवसात, गावातील शिक्षक आणि चार विद्यार्थी मिळून करू शकतात.

यात तीर्थाचा अपमान होतो असे ज्यांना वाटेल, त्यांनी हॅम्पस्टेडच्या त्या वृद्धेची आठवण करावी. तिने ते पाणी दूरवरून मागविले, पाहुण्या भाचीला प्रेमाने दिले, आणि विहिरीपासून तीन फुटांवर काय आहे हे तिला कोणी सांगितले नाही. आमच्या तळीचे पाणी ओंजळीत घेऊन डोळ्यांस लावणाऱ्या यात्रेकरूला ते सांगण्याची जबाबदारी आमची आहे. डॉ. स्नो यांचा ग्रंथ आम्ही वाचला तो हे शिकण्यासाठी. आणि तो शिकविण्याचे सामर्थ्य त्यात आजही आहे, असा आमचा अभिप्राय आहे.